बोरीची राख, संक्रांतीची तारीख आणि हवामान: निसर्ग स्वतः काय बदलतो, आणि तो बदल वाढत का जातो?

कुकडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मागच्या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो. मांडवात पंखे लावूनही घामाच्या धारा लागलेल्या, त्यामुळे बोलणं आपसूक उन्हावर आलं. आमचे एक व्याही म्हणाले, "मास्तर, हवामान काय आजच बदलतंय? माणूस नव्हता तेव्हाही ते बदलतच होतं की." मी म्हटलं, शंभर टक्के खरं. तेवढ्यात पंगत बसली आणि बोलणं अर्धवट राहिलं. ते मनात घोळत राहिलं म्हणून हा धागा काढतोय.

मी जुन्नर तालुक्यात तीसेक वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी मुलांना एकदा तरी बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी न्यायचो. तिथे दरडीत पांढुरक्या राखेचा थर आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला चुनखडीच वाटते. चिमूटभर घेऊन बोटांत चोळली की पिठासारखी मऊ लागते आणि मग तिची बारीक कचकच जाणवते. ती कचकच म्हणजे काच. भिंगाखाली धरली तर फुटलेल्या बुडबुड्यांच्या वाकड्या कपच्या दिसतात.

ही राख इथली नाही. सह्याद्रीतला लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून जास्त वर्षं झाली. ही आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरांहून लांबून, वाऱ्यावर. बोरीच्या थराचं वय किती यावर अभ्यासकांचा बरीच वर्षं वाद झाला, कारण त्याच परिसरात फार जुन्या काळातल्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या. पण राखेची रासायनिक घडण टोबाशी जुळते. टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. त्यात अंदाजे २,८०० घनकिलोमीटर शिलारस बाहेर पडला आणि मागे जो खड्डा उरला त्यात आज १०० किलोमीटर लांबीचं तळं आहे.

ज्वालामुखीने हवामान बदलतं ते राखेने कमी आणि गंधकाने जास्त. राख काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. गंधकाचा वायू मात्र ढगांच्या वर, स्थितांबरात जातो, तिथे त्याचे बारीक आम्लकण होतात आणि ते वर्ष-दोन वर्षं ऊन परतवत राहतात. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातलाच तांबोरा फुटला आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडला, पिकं गेली. फिलिपिन्समधला पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला. दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. दोन-तीन वर्षांत ते पुन्हा जागेवर आलं.

मला खरं बोलायचंय ते इथून पुढचं. ज्वालामुखी असो, सूर्य असो की पृथ्वीची कक्षा, निसर्ग जो धक्का देतो तो बहुतेक वेळा लहान असतो. तरी त्यातून हिमयुगं आली आणि गेली. २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईपासून १६० किलोमीटरवर जिथे आज बॉम्बे हायचे तेलाचे फलाट उभे आहेत, तिथे समुद्र जेमतेम ७५-८० मीटर खोल आहे. म्हणजे तेव्हा तिथे कोरडी जमीन होती. एवढा मोठा बदल लहान धक्क्यातून कसा झाला?

उत्तर आहे फीडबॅक. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की काय होतं आठवा. माइकमध्ये कुजबुज शिरते, स्पीकर ती मोठी करतो, मोठा झालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शीळ सुरू होते. पृथ्वीवर असे अनेक माइक-स्पीकर आहेत. थंडी पडली, बर्फ वाढलं, पांढऱ्या बर्फाने ऊन परतवलं, म्हणून आणखी थंडी. ऊब आली, हवेत वाफ वाढली, वाफेने उष्णता धरून ठेवली, म्हणून आणखी ऊब. याला शास्त्रज्ञ 'पॉझिटिव्ह' म्हणतात, पण त्याचा चांगल्याशी काही संबंध नाही. बदल ज्या दिशेला निघाला त्याच दिशेला त्याला ढकलणारा, एवढाच अर्थ. उलट्या जातीचा, म्हणजे सावरणारा फीडबॅकही असतो. घरातला माठ घ्या. हवा जितकी कोरडी आणि तापलेली, तितकं जास्त पाणी पाझरून उडून जातं आणि आतलं पाणी गार राहतं.

तर व्याह्यांचं म्हणणं बरोबर आहे, हवामान नेहमीच बदलत आलंय. पण याच कारणाने मला काळजी वाटते, दिलासा वाटत नाही. जे इतक्या लहान धक्क्यांनी इतकं हललं, ते मोठ्या धक्क्याने किती हलेल? आपल्यात वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा.

पंचांगप्रेमी

सर, सुंदर लिहिलंय. कक्षेचा मुद्दा आलाय तर माझा आवडता विषय मांडतो.

मकर संक्रांत आपण १४ जानेवारीला करतो आणि 'आजपासून दिवस मोठा' म्हणतो. प्रत्यक्षात दिवस २२ डिसेंबरलाच मोठा व्हायला लागलेला असतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येत होत्या. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ताऱ्यांवर आधारलेली संक्रांत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता संक्रांत १४ किंवा १५ ला येते. हेच ते अयनचलन. आजोबांच्या जुन्या पंचांगात मी अयनांश, म्हणजे हे सरकणं किती अंश झालं तो आकडा, शोधायचो. आज तो २४ अंशांच्या पुढे गेलाय.

आता याचा हवामानाशी संबंध. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैमध्ये ती १५.२ कोटी किलोमीटरवर असते. म्हणजे आपला उन्हाळा-पावसाळा सूर्यापासून लांब असताना येतो. आस डुलतो आणि कक्षाही हळूहळू फिरते, त्यामुळे ही जवळीक कोणत्या ऋतूत येते ते सुमारे २१,००० वर्षांच्या फेऱ्यात बदलतं. ११,००० वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात होती. आशिया-आफ्रिकेची जमीन जास्त तापायची, समुद्रावरचे वारे जास्त जोराने आत यायचे आणि मान्सून आजच्यापेक्षा दांडगा होता. सहारात तेव्हा गवत होतं, तळी होती. अल्जीरियातल्या तासिली पठारावरच्या गुहाचित्रांत गुरांचे कळप आहेत.

आणि सरांचा फीडबॅक इथेही आहे. गवत वाळूपेक्षा गडद, ते ऊन शोषून घेतं, जमिनीत ओल धरतं आणि ती ओल पुन्हा हवेत सोडतं, म्हणून आणखी पाऊस. कक्षा सावकाश बदलली. पण पाऊस कमी व्हायला लागला, गवत गेलं आणि गवत गेलं म्हणून पाऊस आणखी कमी झाला. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी सहारा वाळवंट झालं.

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार सर. वाचतोय. शिक्षण बारावीपर्यंतच, पण एक प्रश्न मनापासून विचारतो.

आमच्याकडे ऑक्टोबरात गोडी छाटणी होते. घड फुलोऱ्यात आले की पाऊस नको असतो. वडिलांच्या वेळी नोव्हेंबरातला पाऊस कधीतरी यायचा. आता त्याची धास्ती घेऊनच छाटणी करावी लागते. मागे एकदा सलग तीन रात्री पाऊस झाला, दिवसा ढग. डाऊनीने, म्हणजे बुरशीच्या रोगाने, घड असे काळे पडले की बाग बघवत नव्हती. फवारणीला ट्रॅक्टर आत जाईना, पाठीवर पंप घेऊन चिखलातून फिरलो. हातात आलेला माल खुरपणीच्या मजुरीलाही पुरला नाही.

प्रश्न असा. गावात एक जण सांगतो की ज्वालामुखी माणसापेक्षा कितीतरी जास्त कार्बन सोडतात, आणि सूर्यच आता जास्त तापलाय. हे खरं आहे का? खरं असेल तर आपल्या हातात काहीच नाही, मग मी तरी कशाला जीव जाळू?

कुकडीकाठ

दादा, बागेचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो.

आधी ज्वालामुखी. जगातले सगळे मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी. आपण नुसता कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो. शिवाय हवेतला वाढलेला कार्बन कुठला आहे हे ओळखता येतं. कार्बनचे तीन प्रकार असतात. कोळसा-तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पती आणि सूक्ष्म जीव. त्यात कार्बन-१४ पार संपलेला असतो आणि कार्बन-१३ कमी असतो. हवेतल्या कार्बनमध्ये हे दोन्ही प्रकार ज्या पद्धतीने घटत गेलेत, ती खूण जाळलेल्या इंधनाची आहे. ज्वालामुखीच्या कार्बनमध्ये १३ चं प्रमाण असं कमी नसतं. भरीला, जाळताना ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि हवेतला ऑक्सिजनही त्याच हिशेबात किंचित उतरतोय.

आता सूर्य. त्याचं ११ वर्षांचं चक्र असतं, त्यात तेज साधारण ०.१ टक्क्याने वरखाली होतं. १९७८ पासून उपग्रह ते सतत मोजत आहेत. या काळात तापमान चढत गेलं, सूर्याचं तेज चढलेलं नाही. पूर्वी सूर्याने हवामानावर परिणाम केला नाही असं मी म्हणत नाही. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळपास दिसेनासे झाले आणि युरोपात तो गारठ्याचा काळ होता, ज्वालामुखींचाही त्यात वाटा होता.

सगळ्यांत पटणारा पुरावा वेगळाच आहे. सूर्य तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि स्थितांबर थंड होतंय. रात्री गोधडी अंगावर घेतली की आत ऊब राहते आणि गोधडीच्या बाहेरची बाजू गार लागते, तसंच.

म्हणजे कारण माणसाच्या हातातलं आहे दादा.

रोखठोक

सर, तुमचं लिखाण आवडतं म्हणूनच आडपडदा न ठेवता विचारतो. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या नोंदींत आधी तापमान वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड त्यानंतर, असं मी वाचलंय. मग कार्बन हे कारण कसं? तो तर परिणाम झाला.

कुकडीकाठ

रोखठोक, या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न तुम्ही विचारलात.

अंटार्क्टिकात व्होस्तोक इथे साडेतीन किलोमीटरांहून खोल भोक पाडून बर्फ काढलं, त्यात चार लाखांहून जास्त वर्षांची नोंद मिळाली. पुढे डोम-सी इथल्या बर्फाने ती ८ लाख वर्षांपर्यंत नेली. बर्फातल्या बुडबुड्यांत त्या त्या काळची हवा कोंडलेली आहे. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८० भाग, उबेच्या काळात २८०-३०० भाग. आठ लाख वर्षांत या पट्ट्याबाहेर तो गेला नाही. आज तो ४२० च्या पुढे आहे.

तुम्ही म्हणता तो उशीर खरा. फक्त तो मोजण्यात एक मेख आहे. पडलेलं बर्फ ५० ते १०० मीटर दाबलं जाईपर्यंत सच्छिद्रच असतं, हवा आतबाहेर करत राहते. बुडबुडा बंद होतो त्यानंतर. म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने तरुण असते आणि दोघांच्या वयाचा मेळ घालणं किचकट होतं. जुन्या मोजणीत उशीर काही शतकांचा निघाला होता, नंतरच्या मोजणीत तो बराच कमी झाला.

पण समजा उशीर आहेच. हिमयुग संपायला सुरुवात करून दिली ती कक्षेने, पंचांगप्रेमींनी सांगितली तीच. सर्बियाचे मिलुतिन मिलांकोविच यांनी हे गणित मांडलं. १९१४ साली ऑस्ट्रिया-हंगेरीने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडलं. पुढे बुडापेस्टला नजरकैदेत असताना तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात बसून ते आकडेमोड करत राहिले. त्यांनी तीन फेरे एकत्र केले. कक्षा कमी-जास्त लांबट होण्याचा सुमारे एक लाख वर्षांचा, आस कमी-जास्त कलण्याचा ४१,००० वर्षांचा, आणि डुलण्याचा. उत्तरेत ६५ अंश अक्षांशावर उन्हाळा थंड गेला की हिवाळ्यातलं बर्फ वितळायचं राहतं आणि थरावर थर चढतो. १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळात हेच फेरे सापडले, तेव्हा जगाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. ते पाहायला मिलांकोविच नव्हते, १९५८ मध्येच गेले.

मात्र सगळ्या पृथ्वीची वर्षभराची बेरीज केली तर या फेऱ्यांनी उन्हात पडणारा फरक अगदी नगण्य. एवढ्याने पाच-सहा अंशांचा बदल होऊच शकत नाही. कक्षेने उत्तरेचं बर्फ थोडं वितळवलं, सागरप्रवाह बदलले, समुद्र कोमट झाला. कोमट सोड्यातून गॅस लवकर निघून जातो तसा समुद्रातून कार्बन बाहेर आला आणि त्याने सगळं जग तापवलं, कक्षेने ज्या भागात ऊन कमी केलं होतं तो भागसुद्धा. म्हणजे तिथे कार्बन परिणामही होता आणि कारणही. फीडबॅक म्हणतात तो हाच. आज आपण मधली पायरी गाळून कार्बन थेट हवेत सोडतोय, त्यामुळे या वेळी आधी कार्बन चढला आणि तापमान त्याच्या मागून चढतंय.

रोखठोक

पटलं. बुडबुड्याच्या वयाची गोष्ट मला माहीत नव्हती. पण मग दुसरी शंका. फीडबॅक स्वतःला वाढवतच नेत असेल तर पृथ्वी आतापर्यंत भाजून का निघाली नाही?

सांख्यिकी_ताई

याचं उत्तर मी देऊ का? मी कॉलेजात गणित शिकवते.

समजा एक रुपया टाकला आणि दर फेरीत साठ टक्के परत मिळाले. १ रुपया, मग ६० पैसे, मग त्याचे ३६, मग २१.६... बेरीज कितीही फेऱ्या केल्या तरी अडीच रुपयांच्या पुढे जात नाही. परतावा शंभर टक्क्यांच्या खाली असेपर्यंत वाढ कुठेतरी थांबते.

आता हवामान. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि कुठलाच फीडबॅक नसला तर तापमान साधारण १.२ अंश वाढेल. १.२ गुणिले अडीच म्हणजे ३. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या २०२१ च्या अहवालात सर्वोत्तम अंदाज ३ अंशच आहे, संभाव्य पट्टा २.५ ते ४. साठ टक्के हा आकडा मी समजायला सोपा म्हणून घेतला, पण हिशेब असाच चालतो. परतावा साठचा सत्तर झाला तर उत्तर तीनऐवजी चार येतं. म्हणून शास्त्रज्ञ एकेका फीडबॅकच्या मागे आयुष्य घालवतात.

आणि मुळात थांबवणारी शक्ती म्हणजे वस्तू तापली की ती जास्त उष्णता बाहेर टाकते, तापमानाच्या चौथ्या घाताने. हा पृथ्वीचा सर्वांत भरवशाचा माठ.

कुकडीकाठ

ताई, हे मला वर्गात सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

यात वाफेचा वाटा सर्वांत मोठा आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. तो तपासून कसा पाहिला हेही सांगतो, कारण मला ते फार आवडतं. पिनाटुबोनंतर जग गार झालं तेव्हा हवेतली वाफही घटल्याचं उपग्रहांना दिसलं. नंतर संशोधकांनी संगणकातल्या प्रतिकृतीत वाफेचा फीडबॅक बंद करून पाहिला, तर गारवा प्रत्यक्षापेक्षा फारच कमी आला. चालू केल्यावर आकडे जुळले. म्हणजे ज्वालामुखीनेच आपल्याला प्रयोग करून दाखवला.

ढगांचं मात्र तितकं पक्कं नाही. खालचे जाड ढग सावली धरतात, वरचे विरळ ढग उष्णता अडवतात. तापलेल्या जगात कुठले किती उरतील यावर अजून काम चालू आहे. वर ताईंनी दिलेल्या पट्ट्याची रुंदी मुख्यतः ढगांमुळे आहे.

उत्तरवारा

मी मूळची सांगलीची, बारा वर्षं नॉर्वेत, ट्रॉम्सोला आहे. बर्फाचा फीडबॅक मी अंगणात बघते म्हणून लिहिते.

एप्रिलमध्ये ऊन जोर धरतं तेव्हा सगळं बर्फ एकसारखं वितळत नाही. दगड, लाकडाचा ओंडका, गाडीच्या चाकाने उडवलेली काळी खडी, यांच्याभोवती आधी खळगा पडतो. खडीचा एवढासा तुकडा स्वतःच्या आकाराचं भोक पाडून खाली जातो. खळगा पडला की तळाची काळी जमीन उघडी पडते, ती आणखी ऊन खाते आणि खळगा कडेकडेने वाढत जातो. ताजं बर्फ ८०-९० टक्के ऊन परतवतं. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के.

हेच आर्क्टिक महासागरावर चाललंय. १९८०च्या दशकात सप्टेंबरमध्ये साधारण ७० लाख चौरस किलोमीटर समुद्र गोठलेला असायचा. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तो ३४ लाखांवर आला होता. १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापलंय.

दुसरी गोष्ट कायम गोठलेल्या जमिनीची. तिच्यात हवेतल्या कार्बनच्या साधारण दुप्पट कार्बन अडकलाय, न कुजलेल्या मुळापानांच्या रूपात. जमीन सुटली की सूक्ष्मजीव कामाला लागतात, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर येतो. नॉर्वेच्याच उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर जगभरच्या बियाण्यांची तिजोरी डोंगरात खोदलीय, ती जमीन कायम गोठलेली राहील या भरवशावर. २०१६ च्या शरदात पाऊस आणि वितळलेलं पाणी तिच्या बोगद्यात शिरलं. बियाणं सुखरूप राहिलं, पण बोगदा नव्याने बांधावा लागला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

सह्यकडा

सगळेच जण तापवणाऱ्या फीडबॅकबद्दल लिहितायत. सावरणारा सर्वांत मोठा फीडबॅक आपल्या पायाखाली आहे, त्याबद्दल लिहितो.

घाटरस्त्याने जाताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी तांबडा पट्टा दिसतो ना, तो बघायला मी गाडी थांबवतोच. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात वरच्या पृष्ठभागाची माती झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावरून गेला. नखाने खरवडली तर तांबडी पूड हातात येते. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास असे थरावर थर साचले, घाटमाथ्याकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत आहे. आजही पाच लाख चौरस किलोमीटर भाग त्यांनी व्यापलाय. तो लाव्हा येताना गंधक आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन आला. डायनासोर गेले त्यात मेक्सिकोत पडलेल्या अशनीचा वाटा मोठा, पण दख्खनच्या लाव्ह्याने हवामान आधीच अस्थिर केलं होतं असं बरेच अभ्यासक मानतात.

आता गंमत बघा. ज्या कातळाने कार्बन सोडला तोच कातळ आज कार्बन खातोय. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं. ते बेसॉल्टला झिजवतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटं करतं. कृष्णा-गोदावरी ते समुद्रात नेतात, शिंपले-प्रवाळ त्याचे कवच करतात आणि कार्बन चुनखडीत बंद होतो. ऊब आणि पाऊस वाढला की झीज वाढते, कार्बन घटतो, पृथ्वी गार होते. गारठा वाढला की झीज मंदावते आणि ज्वालामुखींचा कार्बन साठत जातो. सूर्य तरुणपणी आजच्यापेक्षा तीसेक टक्के मंद होता, तरी पृथ्वीवर पाणी राहिलं, त्यात या चक्राचा मोठा हात मानतात.

द्राक्षबाग_निफाड

म्हणजे आपली काळी रेगूर जमीन हे काम करते? मग सगळं आपोआप सावरेल की.

सह्यकडा

करते दादा. पण तिचा वेग लाखो वर्षांचा आहे. ५.६ कोटी वर्षांपूर्वी एकदा हवेत प्रचंड कार्बन आला, काही हजार वर्षांत जग पाच-सहा अंशांनी तापलं. ते पूर्ववत व्हायला दीडेक लाख वर्षं लागली. आणि आज आपण कार्बन तेव्हापेक्षाही वेगाने सोडतोय. आपल्या नातवंडांसाठी ही झीज वेळेत पोचणार नाही.

अनुजा_मातीखालून

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. धाग्यात माणूस कमी आलाय म्हणून थोडं लिहिते.

शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे जोर्वे संस्कृतीचे शेतकरी राहायचे. ऐसपैस चौकोनी घरं, धान्याची कोठारं, पाण्यासाठी पाट. घरात मूल दगावलं तर त्याला दोन मातीच्या घागरींत तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मी त्या घागरींची जोडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हलवेना.

पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. शेती आक्रसते, शिकार आणि गुरं-मेंढ्यांवर भर वाढतो. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचा संबंध कमी झालेल्या पावसाशी जोडला. सगळे अभ्यासक तेवढ्याच एका कारणावर थांबत नाहीत, पण थर बघताना माणसांचे हाल कळतात. तो कोरडेपणा नैसर्गिक होता, आणि माणसांना उठून दुसरीकडे जायला मोकळी जमीन होती.

त्याच्याही आधी, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ इजिप्तपासून सिंधू खोऱ्यापर्यंत जाणवला. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने जे चुनखडीचे खांब तयार झाले, त्यात मान्सून कमजोर झाल्याची नोंद आहे. २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडालाच 'मेघालयन' असं नाव दिलं.

रोखठोक

अनुजा, शेवटचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

सर, एक विचारू? एल निनोला नैसर्गिक कारण म्हणायचं का?

कुकडीकाठ

एल निनो नैसर्गिक आहे, पण तो उष्णता आणत नाही, आहे ती इकडची तिकडे करतो. प्रशांत महासागरात साठलेली ऊब पृष्ठभागावर पसरते, एखादं वर्ष जग जास्त तापतं आणि आपला मान्सून बऱ्याचदा अडखळतो. १८७६-७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ असाच. त्या दुष्काळानंतर हवामान खात्याच्या पहिल्या प्रमुखांनी, हेन्री ब्लॅनफर्ड यांनी, १८८४ मध्ये एक निरीक्षण मांडलं. हिमालयात हिवाळ्यात बर्फ जास्त पडलं की पुढचा मान्सून कमी पडतो. पांढरं बर्फ ऊन परतवतं आणि ते वितळवण्यातही उष्णता खर्ची पडते, जमीन उशिरा तापते, वारे कमी जोराने येतात. उत्तरवारा यांच्या अंगणातला खळगा आणि निफाडचा पाऊस असे जोडलेले आहेत. हा नियम दरवर्षी चालत नाही हेही पुढे दिसलं.

फरक असा की एल निनो येतो आणि जातो. तो गेल्यावरही तापमान जुन्या जागी परत येत नाही, तेव्हा त्यामागे दुसरं काहीतरी असतं. १८७७ चा एल निनो जबरदस्त होता, पण तेव्हाचं जग २०२४ पेक्षा एका अंशाहूनही जास्त थंड होतं.

द्राक्षबाग_निफाड

सर, रात्री जेवणं झाल्यावर सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. वडील ऐंशीचे आहेत. ऐकून म्हणाले, "ती राख दाखव मला." या रविवारी घेऊन येऊ का? गाडीतून उतरून किती चालावं लागेल?

कुकडीकाठ

अवश्य आणा दादा, मला आनंद होईल. सकाळी आठच्या आत पोचा, नंतर काठावर ऊन फार लागतं. मी नारायणगावच्या स्टँडवर थांबतो, तिथून माझ्या मागे या. शेवटचं थोडं अंतर पायी आहे, वाट उताराची आहे, त्यामुळे वडिलांसाठी काठी आणा आणि चपलेऐवजी बूट घालायला सांगा. नदीला पाणी सोडलं असेल तर खालचा थर दिसत नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी मी जाऊन बघून येतो आणि इथेच कळवतो.

राख घरी नेऊ नका एवढी एक विनंती. थर आधीच झिजत चाललाय. वडिलांच्या तळहातावर चिमूटभर ठेवू, भिंग मी आणतो.